लॅमिंग्टन रोडला टर्नटेबल घ्यायला जाताय? आधी मागची पाटी वाचा

सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: टर्नटेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या मशीनच्या, मागे व्होल्टेजची पाटी असते. तिच्यावर नुसतं १०० व्होल्ट असेल तर ते मशीन जपानमध्येच विकायला बनवलेलं आहे आणि आपल्या २३० च्या प्लगमध्ये थेट लावलं की जळतं. आमचं जळलं.

मी आणि भाचा शनिवारी डेक्कन क्वीनने निघालो, दादरला वेस्टर्नची लोकल धरली आणि ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरलो. जायचं तर शनिवारीच जा. रविवारी लॅमिंग्टन रोड बहुतेक बंद, शुक्रवारी चोरबाजारातली दुकानं बंद. भाचा लग्नांना डीजे लावतो, कंट्रोलर (कॉम्प्युटरवरची गाणी मिक्स करायचं यंत्र) आहे त्याच्याकडे, पण त्याला रेकॉर्डवर मिक्सिंग शिकायचंय. म्हणून टेक्निक्सचं एसएल-१२००, सेकंडहँड.

एका दुकानात मिळालं. पासष्ट सांगितले, अठ्ठावन्न हजारांवर तुटलं. आम्ही काही डोळे मिटून घेतलं नाही. प्लॅटरच्या, म्हणजे फिरत्या थाळीच्या, कडेचे ठिपके स्ट्रोबच्या (वेग तपासायच्या दिव्याच्या) उजेडात बघितले, पिच, म्हणजे वेगाची कमीजास्ती, शून्यावर असताना जागच्या जागी उभे होते, म्हणजे वेग बरोबर. पिचचा स्लायडर वरखाली करून पाहिला, टोनआर्म (सुई धरणारा दांडा) बोटाने हलवून बेअरिंग ढिलं नाही ना ते पाहिलं. "मामा, एकदम पक्कं फिरतंय," भाचा म्हणाला. फक्त वायर कुठे जाते ते बघितलं नाही. ती काउंटरखालच्या एका करड्या डब्यात जात होती. विचारलं तर म्हणाले, स्टॅबिलायझर आहे. तो स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर होता, म्हणजे २३० चे १०० व्होल्ट करणारा.

रात्री घरी प्लग लावला. स्ट्रोबचा लाल दिवा नेहमीपेक्षा भगभगीत पेटला, आतून गूंऽऽ आवाज आला आणि वार्निश जळल्याचा वास खोलीभर झाला. दहा सेकंदंही नाहीत. दुकानात फोन केला तर उत्तर, "ट्रान्सफॉर्मर तो अलग से लेना पड़ता है." हे पैसे मोजून घेताना सांगायचं असतं! पावती कच्ची होती, त्यामुळे भांडायला हातात काही नाही. जीएसटी वाचवायच्या नादात कच्ची पावती घेऊ नका. त्या १८ टक्क्यांतच तुमचा हक्क आहे. पुण्यातल्या मेकॅनिकने आतला ट्रान्सफॉर्मर बदलून २,८०० घेतले, तेही बोर्ड वाचला म्हणून.

१०० व्होल्टचंच घ्यायचं असेल तर २३० ते १०० असा ट्रान्सफॉर्मर मागा. बाजारात सर्रास ११० चा मिळतो, तो अमेरिकन मशीनसाठी. एसएल-१२०० चा वेग आतला क्वार्ट्झ स्फटिक ठरवतो, त्याला ५० की ६० हर्ट्झ याने फरक पडत नाही. पण एसी मोटरचं, बेल्टवरचं जुनं मशीन ६० हर्ट्झचं असेल तर घेऊच नका. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. रेकॉर्ड ३३ ऐवजी २८ च्या आसपास फिरेल आणि गाणारा आजारी वाटेल. डीजे मिक्सरला फोनो इनपुट, म्हणजे टर्नटेबल जोडायची खास जागा, असतो. घरच्या अँपला नसेल तर फोनो प्रीअँपचे (टर्नटेबलचा बारीक आवाज वाढवणाऱ्या डब्याचे) पैसे वेगळे धरा.

रेकॉर्डसाठी चोरबाजारात, मटन स्ट्रीटला गेलो. २०१६ साली रिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान बंद झाल्यापासून मुंबईत आलो की रेकॉर्डसाठी माझे पाय तिकडेच वळतात. कव्हरवर भुलू नका. मला कव्हर नाट्यगीतांचं दाखवलं, आत तबला वादनाची एलपी. प्रत्येक रेकॉर्ड बाहेर काढा, लेबल वाचा, उजेडात तिरकी धरा. केसासारख्या रेघा चालतात, नखाला लागणारी रेघ चालत नाही. ७८ ची लाखेची रेकॉर्ड एलपीच्या सुईवर लावू नका, तिला जाड सुई वेगळी लागते. १,५०० सांगितलेली एलपी ६०० ला मिळाली, त्यामुळे पहिल्या आकड्यावर कधीच थांबू नका. बाकी दुपार छान गेली.

परतताना ५.१० ची डेक्कन क्वीन पकडायचा हट्ट धरू नका. अकरा-बारा किलोचं मशीन घेऊन ग्रँट रोडचा पूल आणि संध्याकाळची लोकल म्हणजे खांदा निखळतो. टॅक्सीने थेट सीएसएमटी गाठा. प्लॅटर काढून वेगळा गुंडाळा, टोनआर्मच्या मागचं वजन आणि हेडशेल (सुई बसवलेलं टोक) खिशात ठेवा आणि टोनआर्म दोऱ्याने बांधा. आमचा टोनआर्म एवढ्यामुळेच शाबूत घरी आला.