मास्तरांची मारुती ८०० आणि अंगणाचा चढ

बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला माझं गॅरेज आहे आणि कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्राच्या गाड्या मी अजून आवडीनं करतो. मारुती ८०० ला २००० च्या सुमारास कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी सिस्टीम) आलं, त्यानंतर हा धंदा शिकलेल्या पोरांचा कार्ब्युरेटरशी फारसा संबंधच आला नाही, त्यामुळं जुनी गाडी अडली की खानापूर, चंदगड, निपाणीकडची माणसं विचारत विचारत येतात.

जुलैत असेच एक मास्तर आले, जांबोटीच्या बाजूचे, रिटायर झालेले. गाडी १९९६ ची मारुती ८००, घरच्या माणसासारखी जपलेली. तक्रार एकच, सकाळी सुरू होत नाही. काकूंना डायलिसिसला बेळगावात आणायचं असतं, ठरलेल्या वेळेला पोचावंच लागतं, आणि तिकडं पावसात पहाटे दुसरी गाडी कुठनं मिळणार? "एकदा चालू झाली की दिवसभर काही त्रास नाही रे, पण चालू होईस्तोवर जीव जातोय," म्हणाले. माझ्याकडं यायच्या आधी एका गॅरेजवाल्यानं बॅटरी नवी, प्लग नवे, कार्ब्युरेटरचा किट नवा घातलेला, शेवटी सेल्फ उतरवून बुशपण बदललेले. मला ह्याचा राग येतो. पेन्शनवरच्या माणसाकडनं एकेक पार्टचे पैसे घेत राहायचे, पण गाडी नक्की कधी चालू होत नाही हे काय कुणी विचारलं नाही.

गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून घेतली. सकाळी चोक ओढला, सेल्फ मारला, लगेच चालू. दुसऱ्या दिवशीपण तसंच. मास्तर घरी घेऊन गेले आणि परत फोन, होईना म्हणून.

तेव्हा मी फोनवर खोदून खोदून विचारायला लागलो. नुसत्या पावसामुळं असेल काय? जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको, प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल धरली की करंट गळतो आणि गाडी मरते. पण मास्तर म्हणाले उन्हाळ्यातपण हेच होतं. बाजारात दोन तास लावली तर? चालू होते. लेकीकडं रात्रभर? चालू होते. मग फक्त घरीच? "होय रे, घरीच." घरी लावता कशी? तर अंगण चढाचं, गाडी तोंड वर करून आत घेतात, म्हणजे नाक वर आणि शेपूट खाली.

तिथंच डोक्यात उजेड पडला. ह्या गाडीची टाकी मागं आणि पेट्रोल पंप पुढं इंजिनावर, मेकॅनिकल, कॅमशाफ्टवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चालणारा. नाक वर करून लावली की टाकी पंपापेक्षा अजून खाली जाते. पाईप घट्ट असला तर पेट्रोल जागेवर राहतं, पण कुठनं जरा जरी हवा शिरत असली तर पाईपातलं सगळं पेट्रोल रात्रीत मागं टाकीत उतरतं.

तरी बघितल्याशिवाय बोलायचं नाही. मास्तरांना सांगितलं, उद्या मी येईपर्यंत गाडीला हात लावू नका. पहाटे मी आणि माझ्याकडचा पोरगा बाईकवरनं भिजत गेलो. काकू तयार होऊन ओसरीत बसलेल्या. बॉनेट उघडलं, पारदर्शक फिल्टर आहे तो पूर्ण कोरडा. थोडा वेळ सेल्फ मारून प्लग काढला, तोपण कोरडा. हे फार महत्त्वाचं आहे बघा, इतका सेल्फ मारल्यावर प्लग ओला निघाला तर गाडी ओव्हरफ्लो झालीय, कोरडा निघाला तर पेट्रोल पोचतच नाहीये. स्पार्क बघितला, निळा आणि जोरदार. मग एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात चमचाभर पेट्रोल घातलं, बाटली बंद करून लांब ठेवली (सेल्फ मारताना वरनं पेट्रोल ओतायचं नाही, बॅकफायर झाला तर तोंड भाजतं), आणि किल्ली फिरवली. गाडी धडाडून चालू झाली आणि दोन-तीन सेकंदांत मेली. म्हणजे करंट बरोबर, कॉम्प्रेशन बरोबर, पेट्रोल नाही.

लोक म्हणतात सेल्फ मारत राहिलं की पेट्रोल चढेल की. चढतं, पण हिशोब बघा, सेल्फवर इंजिन मिनिटाला दोनशेच्या आसपास फिरतं, कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्यानं, म्हणजे पंप मिनिटाला शंभरच धक्के मारणार आणि त्यातपण मधे हवा. तेवढ्यात नवी बॅटरीसुद्धा बसते.

पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडली, परत चमचाभर पेट्रोल घालून चालू केली, ॲक्सिलरेटर धरून ठेवला, आणि पोरगा वाकून नळीकडं बघत ओरडला, "अण्णा, गुळ्ळी बरतावरी!" बुडबुडे येत होते, मोत्यांच्या माळेसारखे एकामागनं एक. पंपाच्या तोंडावर बोट लावून ओढ बघितली, पंप चांगला. मग गाडीखाली शिरून मागं टाकीजवळचा रबरी पाईप वाकवला तर क्लिपच्या कडेला बारीक बारीक भेगा. खाली एक थेंब नाही, पेट्रोलचा वास नाही. ओढणाऱ्या बाजूची भेग अशीच असते, पेट्रोल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते, म्हणून कुणाला दिसली नाही.

मास्तरांनी विचारलं, हे त्या इथेनॉलमुळं काय? आमच्या जिल्ह्यात ऊसच ऊस, इथेनॉल इथंच बनतं, त्यामुळं ही चर्चा रोजचीच. माझं मत सरळ आहे. रबर इतक्या वर्षांत वयानंच कडक झालेलं, पण २०२३ पासून पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल यायला लागलं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही, ते लवकर हात टेकतं. म्हणून पाईप बदलायचा तर साधा घालायचा नाही, एसएई जे-३० आर-९ (पेट्रोलच्या पाईपाचं स्टँडर्ड) छापलेला मागायचा, जरा महाग पडतो पण इथेनॉलला टिकतो.

सोबत नेलेला तुकडा तिथंच घातला, क्लिपा नव्या लावल्या. फिल्टर भरला, बुडबुडे बंद. काकू वेळेत पोचल्या. पुढच्या आठवड्यात मास्तरांचा फोन, गाडी चढावरच उभी होती आणि पहिल्या सेल्फला घेतली, सांगताना आवाज वेगळाच होता माणसाचा.

टाकीवरचा रिटर्नचा पाईप, म्हणजे उरलेलं पेट्रोल परत टाकीत आणणारा, अजून जुनाच आहे, तो टाकी उतरवल्याशिवाय निघत नाही. गणपती झाले की गाडी एक दिवस माझ्याकडं येणार, आणि त्या दिवशी काकूंना न्यायला-आणायला मी माझी गाडी देणार हे आधीच ठरवून ठेवलंय.