तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्चार्जचं एवढं काय घेऊन बसलाय?

पावसाळ्यात घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतं, 'डिस्चार्ज वाढला'. मी लगेच विचारते, कशाचा, पाण्याचा की पेशंटचा? मग सगळे माझ्यावरच येतात, मॅडम, एका इंग्रजी शब्दाचं एवढं काय, संदर्भावरून कळतंय की.

मी इंग्रजी शिकवते आणि कित्येक वर्षं मीही वर्गात हेच सांगायचे, संदर्भावरून कळतं. हा तर माझा आवडता शब्द. मूळ अर्थ गाडीवरचं ओझं उतरवणं, बाकीचे सगळे त्यातूनच निघाले. दवाखान्यातून सोडतात तो डिस्चार्ज, मोबाईलची बॅटरी उतरते तो डिस्चार्ज, अंगावरून जातं त्यालाही डॉक्टर तेच म्हणतात. आरोप ठेवण्याइतकासुद्धा पुरावा नसला तर कोर्ट आरोपीला सोडतं तोही डिस्चार्जच, खटला चालून निर्दोष सुटणं वेगळं. आणि आपल्याकडं राधानगरी धरणाचा एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला ४० हजार लिटर पाणी, तोही डिस्चार्ज.

ऑगस्ट २०१९. मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, कोल्हापुरात ॲडमिट, आत्ती नदीकाठच्या आंबेवाडीत घरी. रात्री ग्रुपवर एका नातेवाइकाचा मेसेज आला, 'डिस्चार्ज चालू झालाय, तयारीत रहा'. लिहिणाऱ्याच्या डोक्यात धरण होतं, आत्तीच्या डोक्यात मामा. तिनं तयारी केली. पलंग बाहेरच्या सोप्यात ओढला, धुतलेली चादर घातली, उशाला पाण्याचा तांब्या ठेवला, सकाळच्या पेजेसाठी तांदूळ निवडून ठेवले आणि बऱ्याच दिवसांनी निवांत झोपली. पहाटे गोठ्यातून म्हशींचं ओरडणं ऐकून उठली तर अंगणात गुडघाभर पाणी. दोन म्हशी सुटल्या. तिसरी गाभण, तिच्या दाव्याची गाठ पाण्यानं फुगून घट्ट बसलेली, लाईट गेलेली, अंधारात विळा सापडेना, पाणी कमरेला लागलं तसं शेजारच्या पोरांनी आत्तीला ओढून बाहेर काढलं. म्हैस तिथंच राहिली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्या वर गेलं होतं.

म्हैस पाण्यानं गेली, शब्दानं नाही, हे मला दहा जणांनी ऐकवलंय. मान्य. पण संदर्भ संदर्भ म्हणता तो कुणाचा? ज्याचा जीव दवाखान्यात अडकलाय त्याला दवाखान्याचाच अर्थ ऐकू येणार, आणि हे मला वर्गात कधी सुचलंच नव्हतं. पेपरवाले विसर्ग लिहितात, तो लिहा. किंवा सरळ लिहा, धरणाचे दरवाजे उघडले, नदीला पाणी येतंय.

आता आत्ती म्हणते, तसं लिहिलं असतं तरी मी घर सोडून गेले नसते. मी म्हणते, नसतीस गेली, पण दावी तरी सोडून ठेवली असतीस की. ती म्हणते, गाभण जनावर रात्रीचं मोकळं सोडतंय कोण? यावरून आमचं अजून वाजतं.