अलिबागहून दिमोनाला

ज्या शाळेचा हा अमृतमहोत्सवी अंक, ती आपली अलिबागची शाळा मी सहावीची परीक्षा देऊन सोडली ती १९६१ साली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू; तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. शनिवारच्या सकाळच्या शाळेला मी येत नसे. सोमवारी गुरुजी फळ्यापाशी उभं करून बुडालेली गणितं सोडवून घेत. धर्मावरून मला कधी कुणी हटकलं नाही.

मग इस्राएलला, दिमोनाला गेलो. म्हणजे ‘आपल्या’ देशात! तिथे पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एका पोराने बोटाला थुंकी लावून माझा हात खसाखसा घासला, रंग जातो का पाहायला. तो मोरोक्कोचा. त्याला पाहून पोलंडवाले नाक मुरडत, ते वेगळंच.

पोरांची मारामारी पोरं विसरतात. पण १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयाने सूचना काढली, की बेने इस्राएलांचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी आईकडच्या पिढ्या तपासा. ताईचं जमत आलेलं लग्न त्यात लटकलं. पप्पा रोज संध्याकाळी आजीचं माहेर, पणजीचं माहेर, नवगाव, किहीम असं कागदावर लिहीत आणि फाडून टाकत. १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं. ऑगस्टमध्ये संसदेने आम्हाला पूर्ण ज्यू ठरवलं. पप्पा म्हणाले, “चला, आता आपण आपणच आहोत म्हणायला हरकत नाही.”

तेव्हापासून कुणी कुणाचं कूळ काढलं की माझं डोकं फिरतं. आणि आपल्या अलिबागच्या शाळेतला, वर्गाबाहेरचा माठ आठवतो. गावकुसाबाहेरची पोरं ओंजळ धरून उभी राहत, वरून दुसरं कुणी पाणी ओतायचं. रोजचंच, म्हणून कुणाला खटकत नसे. अमृतमहोत्सवी अंकात हे शोभत नसेल तर संपादकांनी खुशाल कापावं.

पुढे मीही मास्तर झालो. १९८४-८५ च्या सुमारास इथिओपियाचे ज्यू विमानांनी आले. रब्बींनी त्यांच्याही ज्यूपणावर शंका घेतली, तेही जेरुसलेमला धरण्यावर बसले. माझ्या वर्गात आलेला त्यांच्यातला एक मुलगा दोन्ही हात बाकाखाली धरून बसायचा. त्याला काही विचारावं लागलं नाही मला.

राग आला तो आपल्याच माणसांचा. एका मलिद्याच्या, म्हणजे आमच्या देवाचे आभार मानायच्या विधीच्या, जेवणात माझा चुलतभाऊ म्हणाला, “ही काळी पोरं आमच्या पोरांच्या वर्गात कशाला?” मी त्याला सगळ्यांदेखत धरणं आठवतं का विचारलं. तो ताटावरून उठला. अजून बोलत नाही.