दगड किती सोसतो

आज दिवसभर हॉपकिन्सन बारवर, म्हणजे अचानक धक्का देऊन दगड किती सोसतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, ग्रॅनाइट फोडला. अर्धचंद्राकृती चकती, सपाट बाजूच्या मधोमध बारीक खाच, आणि दोन लांब पोलादी दांड्यांमध्ये ती अडकवलेली. गॅस गनमधून सुटलेला दांडा पहिल्या दांडीवर आदळतो, दाबाची लाट धावत येते आणि खाचेच्या टोकापासून भेग सुटते. सगळा खेळ मिलिसेकंदाच्या आत आटोपतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त ठण्ण आवाज आणि दोन तुकडे!

खरी मेहनत मात्र त्याच्या आधीची. दांडीच्या तोंडावर तांब्याची छोटी चकती चिकटवायची, म्हणजे लाट एकदम न उसळता सावकाश चढते. नमुन्याच्या दोन्ही बाजूंचं बल सारखं झालं नाही तर ते मोजमाप धरायचंच नाही, मग आलेख कितीही देखणा असो. या बाबतीत मी हट्टी आहे. आज दोन्ही बाजूंच्या बलाच्या रेषा एकमेकींवर अगदी चपखल बसल्या, तेव्हा मन भरून आलं.

आणि निकाल? धक्का जितका झटपट, तितका दगड भेगेला जास्त विरोध करतो. हळूहळू दाबताना भेग कणांच्या कडेकडेने, सोपी वाट शोधत जाते. अचानक आघातात तिला तेवढी सवड नसते, ती थेट कणांमधून आरपार जाते, शेजारी आणखी बारीक भेगा उघडतात आणि ऊर्जा जास्त खर्च होते. म्हणून बोगद्यातल्या सुरुंगाचा हिशेब संथ चाचणीच्या आकड्यावर करणं मला पटत नाही. उद्या याच ग्रॅनाइटचे तापवलेले नमुने लावतोय.