तित्तिर, चार मायक्रोफोन आणि सेकंदाची खूण: माळावरच्या प्रयोगाची दुसरी नोंद

सोलापूरच्या उत्तरेला, हिप्परग्याच्या तलावापलीकडे, माझ्या मामांचे कोरडवाहू शेत आहे आणि शेताला लागून काही एकर गवताळ पडीक माळ आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्यही याच दिशेला पुढे आहे. परंतु अभयारण्यात उपकरणे मांडायची तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, म्हणून प्रयोगासाठी मामांचा माळच निवडला. पहाटे येथे राखी तित्तिर ओरडू लागतो, लगेच दुसरीकडून त्याला उत्तर मिळते आणि थोड्याच वेळात सगळा माळ त्या आवाजाने भरून जातो. अशा वेळी पक्षी नेमके किती आहेत, हे कानावर विसंबून सांगणे फार कठीण असते. ओरडणाऱ्या पक्ष्यांच्या जागा घड्याळाच्या साहाय्याने शोधून त्यांची मोजणी करावी, एवढाच या प्रयोगाचा हेतू आहे.

तत्त्व साधे आहे. साठ मीटर बाजूच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार मायक्रोफोन ठेवले, तर एकच हाक चौघांपर्यंत थोड्या थोड्या अंतराने पोहोचते. दोन मायक्रोफोनमधल्या वेळेच्या फरकावरून पक्षी एका विशिष्ट वक्ररेषेवर कोठेतरी आहे एवढेच कळते. तिसरा मायक्रोफोन त्या रेषेवरचा बिंदू ठरवतो आणि चौथा हिशेब तपासायला उपयोगी पडतो. यासाठी चारही यंत्रांचे घड्याळ मात्र एकच हवे. बाजारात मिळणाऱ्या साध्या ध्वनिमुद्रकातील, वेळेचा ठोका देणाऱ्या स्फटिकाची चाल दहा लाखांत वीस भाग चुकली, तर तासाभरात ७२ मिलिसेकंदांची तफावत पडते आणि तेवढ्या वेळात आवाज सुमारे २५ मीटर पुढे जातो. म्हणजे बाभळीवरचा पक्षी कागदावर शेजारच्या बांधावर जाऊन बसतो.

पहिल्या खेपेला मी ध्वनिमुद्रक ठेवलेल्या प्रत्येक डब्यात डीएस १३०७ हे घड्याळाचे आयसी (चिप) आणि ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक बसवला होता. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास नीट चालतो आणि त्या तापमानापासून दूर गेल्यावर, थंडी असो वा ऊन, मागेच पडतो. शिवाय ही पिछेहाट तापमानातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एप्रिलमध्ये पत्र्याखाली ठेवलेल्या डब्यात ४२ अंश तापमान भरले, तेव्हा घड्याळ दिवसाला जवळजवळ एक सेकंद मागे पडत होते. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. डीएस ३२३१ हे आयसी तापमान पाहून स्वतःची चाल सुधारते आणि वर्षाला साधारण एका मिनिटाच्या आत राहते, तरीही पक्ष्याची जागा काढायला ते अपुरेच आहे.

म्हणून या वेळी घड्याळ जुळवण्याचा नादच सोडून दिला. प्रत्येक ध्वनिमुद्रकाच्या डाव्या चॅनेलला मायक्रोफोन जोडला आणि उजव्या चॅनेलला उपग्रहांवरून वेळ घेणाऱ्या जीपीएस मॉड्यूलमधून दर सेकंदाला, चारही ठिकाणी एकाच क्षणी निघणारी विजेची स्पंद दिली. ही स्पंद ३.३ व्होल्टची असते. ती १०० किलोओम आणि १ किलोओमच्या दोन रोधकांच्या, व्होल्टेज कमी करणाऱ्या विभाजकातून सुमारे ३३ मिलिव्होल्टवर आणली. आता ध्वनिमुद्रकाने पाहिजे त्या चालीने चालावे, सेकंदाची खूण आवाजाच्या शेजारीच नोंदवली जाते. ४८ किलोहर्ट्झच्या मुद्रणात, म्हणजे आवाजाची सेकंदाला ४८,००० वेळा नोंद (नमुना) घेताना, दोन खुणांमध्ये नेमके ४८,००० नमुने असायला हवेत. माझ्या दुसऱ्या डब्यात सरासरी ४८,०००.६ आणि चौथ्यात ४७,९९९.७ आढळले. एवढी तफावत प्रत्येक सेकंदाला हिशेबातून काढून टाकता येते. खूण कोणत्या सेकंदाची आहे हे स्पंद सांगत नाही, पण तेथे एका सेकंदाची चूक झाली तर पक्षी साडेतीनशे मीटर सरकतो, त्यामुळे ती लपत नाही.

लपली ती वेगळीच चूक. पहिल्या सकाळी काढलेल्या नकाशात एक तित्तिर मामांच्या विहिरीच्या बरोबर मधोमध ओरडत होता. दोन दिवस मी समीकरणे तपासली. अखेर दोष तिसऱ्या डब्यात सापडला: जोडणी करताना माझ्याच हातून तारांची अदलाबदल होऊन स्पंद उलटी नोंदवली गेली होती. मॉड्यूलची स्पंद १०० मिलिसेकंद टिकते, ध्वनिमुद्रक तिच्या दोन्ही कडा अणकुचीदार टोकांसारख्या दाखवतो आणि माझा प्रोग्राम वर जाणारे टोक शोधत असल्यामुळे त्या डब्यात तो सुरुवातीऐवजी शेवटची कड धरत होता. शंभर मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३५ मीटर. तेव्हापासून निघण्यापूर्वी चारही डबे अंगणात एकत्र ठेवून पितळेची थाळी एकदा वाजवायची आणि तो आवाज चौघांत एकाच क्षणी नोंदवला जातो का ते पाहायचे, असा नियम केला आहे. मामा म्हणाले, ‘‘अरे, पाखरं मोजायला आलास की आरतीला?’’

वेळेचा प्रश्न सुटल्यावर बाकीच्या चुका दिसू लागल्या. डिसेंबरच्या पहाटे १४ अंश तापमानात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर होता आणि साडेनऊला २७ अंशांवर तो ३४७ च्या पुढे गेला. साठ मीटरच्या अंतरावर एवढ्याने सव्वा मीटरहून अधिक फरक पडतो. ४८ किलोहर्ट्झचा एक नमुना मात्र अवघ्या सात मिलिमीटरचा आहे. ज्यांना रुबिडियमचे अणुघड्याळ हवे आहे, त्यांनी ते हौस म्हणून जरूर घ्यावे (माझाही डोळा एका जुन्या नगावर आहे), परंतु तित्तिराला त्याची गरज नाही. त्यापेक्षा प्रत्येक डब्यात तापमापक घालणे आणि कोपऱ्यांची अंतरे टेपने दोनदा मोजणे अधिक फलदायी ठरते. चौरसाच्या बाहेर दूर असलेल्या पक्ष्याची दिशा बरी कळते, अंतराचा मात्र भरवसा धरता येत नाही. म्हणून तशा हाका मी मोजणीत घेत नाही.

दुरुस्तीनंतरच्या पाच सकाळी हाती आल्या आहेत. कानाला मला दोन ठिकाणांहून हाका येत असल्याचे वाटले होते. नकाशात मात्र पाचही सकाळी तीन वेगळ्या जागा उमटल्या. तिसरी जागा पूर्वेच्या बांधावरच्या बोरीच्या जाळीपाशी आहे आणि तेथील हाक प्रत्येक वेळी पहिल्या पक्ष्याच्या हाकेवर येऊन पडते, म्हणूनच ती ऐकताना वेगळी कळत नव्हती. रातव्याच्या हाकेवरही प्रयत्न केला. टणक जमिनीवर चेंडू उसळत जावा तशी ती तुटक, आखूड टोकांची असते आणि तित्तिराच्या हाकेपेक्षा हिशेबाला फार सोपी जाते.

फेब्रुवारीत शेजारची मालदांडी ज्वारी काढली जाईल आणि उभ्या पिकाचा आडोसा जाईल. त्या आठवड्यात डबे त्याच चार खुंट्यांवर पुन्हा ठेवणार आहे. बोरीच्या जाळीतला तिसरा पक्षी तेव्हा कोठून ओरडतो, ते पाहायचे आहे.