तुम्ही विचारलंत म्हणून: चालतंय ना, मग अपस्ट्रीम कशाला?

ऐरोलीला ऑफिसमध्ये नवीन मुलं येतात ती विचारतात, भाचा विचारतो, आणि परवा ठाण्याला नऊ नंबरवर लोकलची वाट बघत उभी होते तेव्हा कॉलेजच्या मैत्रिणीनेही तेच विचारलं, की तुमच्या त्या छोट्या बोर्डाचा पॅच सगळे वापरतच होते, चालतही होता, मग लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये तो घुसवायला, म्हणजे अपस्ट्रीम करायला, तू एवढे महिने का घातलेस? तेवढ्यात गाडी आली आणि उत्तर अर्धवटच राहिलं, म्हणून आज सगळं नीट सांगते. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, हार्डवेअर चालवणारा भाग, आणि पॅच म्हणजे त्यात करायच्या बदलाची फाइल.

कळव्याला आमच्या घराजवळ एक अभ्यासिका आहे, एमपीएससीची, बँकेची तयारी करणारी मुलं बसतात. तिथे नेट धड नसतं म्हणून आम्ही चार छोटे एआरएम बोर्ड, म्हणजे मोबाइलमध्ये असतो तसल्या प्रोसेसरचे छोटे कॉम्प्युटर, लावले, त्यावर जुने पेपर, पीडीएफ, लेक्चर ठेवलेली, मुलं वायफायवरून उघडतात. बोर्ड स्वस्तात मिळाले होते कारण बनवणाऱ्या कंपनीने एक जुनापुराणा कर्नल देऊन हात झटकले होते. पण जगभरात असे बोर्ड असलेली माणसं असतात, त्यांच्यातल्याच एकाने नव्या कर्नलसाठी डिव्हाइस ट्री लिहिला होता आणि आम्ही सगळे तोच पॅच लावून कर्नल बिल्ड करायचो, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करायचो.

डिव्हाइस ट्री म्हणजे काय ते पटकन सांगते. पीसीवर यूएसबी, पीसीआयवरच्या वस्तू आपली ओळख स्वतःच सांगतात, उरलेलं बायोसकडून कळतं. एआरएम बोर्डावर कुठल्या पिनला काय जोडलंय हे कर्नलला कोणीतरी लिहून द्यावं लागतं. पूर्वी हे प्रत्येक बोर्डासाठी सी कोडमध्ये लिहायचे, त्याचा एवढा ढीग झाला की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्यावरून जाम भडकले होते, आणि मग एआरएमवाले हळूहळू डिव्हाइस ट्रीवर गेले.

तर पहिलं कारण हे की बाहेर ठेवलेला पॅच कोणालाच दिसत नाही. कर्नलचा एक नियम फार कडक आहे, वापरणाऱ्यांचे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत. पण कर्नलच्या आतल्या गोष्टींना ती हमी नाही, त्या कधीही बदलतात, आणि नवीन कर्नल दर नऊ-दहा आठवड्यांनी येतो. जो माणूस आत काही बदलतो तो झाडातले, म्हणजे मुख्य कर्नलमधले, सगळे वापर स्वतः दुरुस्त करून देतो. आमचं काय झालं, एकदा एसओसीच्या, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपच्या, मूळ फाइलमध्ये कोणीतरी एका नोडचं, म्हणजे तिथल्या एका नोंदीचं, लेबल बदललं, त्याने तिथले सगळे बोर्ड दुरुस्त केले, आमचा बोर्ड तिथे नव्हताच. बिल्ड फुटला. त्या दिवशी रात्री दीडपर्यंत मी तो एक शब्द शोधत होते, आणि नंतर कळलं की बाकीच्या देशांतही तीन-चार माणसं त्याच आठवड्यात तोच शब्द शोधत बसली होती.

दुसरं कारण मला पॅच पाठवेपर्यंत माहीतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आज मी तेच आधी सांगेन.

मे महिन्यात दुपारी चारपैकी एका बोर्डावर फाइल अर्धवट यायच्या. अभ्यासिकेला वर पत्रा, दोन ते चार या वेळात आत बसवत नाही, आणि नेमकं तेव्हाच इथरनेटवर पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळायचे. अभ्यासिका सांभाळणारे काका म्हणाले, ताई, बोर्ड तापतो, पंखा लावू. पंखा लावला, थोडं बरं वाटलं, आम्ही विषय सोडला. म्हणजे आमच्या भाषेत ते चालतच होतं!

मग मी पॅच पाठवायला घेतला. आधी मूळ लेखकाला गाठावं लागलं, कारण प्रत्येक पॅचखाली साइन्ड-ऑफ-बाय लागतं, म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं सही करून सांगणं, ही पद्धत २००४ पासूनची आहे. दुसऱ्याचं काम उचलून आपल्या नावाने पाठवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. तो गडी फक्त टोपणनावाने वावरायचा, त्याला वाटायचं की खरं नाव द्यावं लागेल. पण २०२३ मध्ये तो नियम बदललाय, लोकांना माहीत असलेली ओळख पुरते, अगदी निनावी चालत नाही. हे त्याला कळल्यावर त्याने एका दिवसात सही दिली. लेखक म्हणून तोच राहिला, पाठवणारी मी.

बोर्डाची नोंद एका पॅचमध्ये, डिव्हाइस ट्री दुसऱ्यात, पॅचची मांडणी तपासणारं चेकपॅच चालवलं, कर्नलच्या मेलिंग लिस्टला साध्या टेक्स्टमध्ये मेल पाठवला. चौथ्या दिवशी नेटवर्किंगवाल्या एका रिव्ह्यूअरचं उत्तर आलं, त्यात एकच प्रश्न होता: तुम्ही फाय-मोड आरजीएमआयआय लिहिलाय, म्हणजे क्लॉकचा डिले पीसीबीवर आहे असं म्हणताय, तो खरंच तिथे आहे का?

मला हा प्रश्न आधी कळलाच नाही, मग वाचत बसले. फाय म्हणजे इथरनेटची चिप, आरजीएमआयआय म्हणजे एसओसी आणि ती चिप जोडायची पद्धत, पीसीबी म्हणजे ज्यावर सगळं बसवलंय ती पाटी, क्लॉक म्हणजे बिट कधी वाचायचा त्याचा ठोका, आणि डिले म्हणजे त्यात मुद्दाम घातलेला उशीर. गिगाबिट आरजीएमआयआयमध्ये क्लॉक १२५ मेगाहर्ट्झचा, डेटा त्याच्या दोन्ही कडांवर जातो, म्हणजे प्रत्येक बिटाला मिळतात ४ नॅनोसेकंद. समोरच्याने तो बिट मधोमध वाचावा म्हणून क्लॉक साधारण २ नॅनोसेकंद उशिरा पोचवावा लागतो. हा उशीर कुठेतरी एकाच जागी घालायचा, एक तर चिपमध्ये, नाहीतर पीसीबीवर क्लॉकची रेघ लांब काढून. आता पीसीबीवर सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटीमीटर जातो, म्हणजे २ नॅनोसेकंदांसाठी तीसेक सेंटीमीटर जास्तीची रेघ हवी. मी बोर्ड टेबललॅम्पखाली धरला, भिंग घेतलं, एसओसीपासून इथरनेटच्या चिपपर्यंत बघत गेले. सगळं अंतर माझ्या अंगठ्याएवढं. नागमोडी रेघ कुठेच नाही. डिले पीसीबीवर नव्हता हो! आमच्या फाइलमध्ये होते दोन आकडे, एसओसीने जाताना आणि येताना किती उशीर घालायचा ते सांगणारे टीएक्स डिले आणि आरएक्स डिले, कंपनीच्या जुन्या कर्नलमधून उचललेले, कोणीतरी करून बघून, चालतंय तर राहू दे म्हणून ठेवलेले. बिट मधोमध वाचला जात नव्हता, कडेकडेने वाचला जात होता, तीन बोर्डांवर निभावत होतं आणि चौथ्यावर दुपारच्या गरमीत निसटत होतं.

ते दोन्ही आकडे काढले, मोड आरजीएमआयआय-आयडी केला, म्हणजे डिले फाय चिपने स्वतः घालायचा. चारही बोर्ड पत्र्याखाली ठेवून पंखा बंद केला आणि दुपारभर आयपर्फ हा नेटवर्क तपासायचा प्रोग्रॅम चालवला, एकही पॅकेट गळलं नाही. काका तीनदा येऊन विचारून गेले, झालं का ताई.

एका प्रश्नाने हे झालं. आम्ही सगळे दोन वर्षं तो पॅच एकमेकांना देत होतो आणि हा प्रश्न आमच्यातल्या कोणालाही पडला नव्हता, कारण आम्ही विचारायचो फक्त, तुझ्याकडे चालतंय का. त्या रिव्ह्यूअरकडे आमचा बोर्ड नव्हता, त्याला चालतंय की नाही हे बघताच येत नव्हतं, म्हणून त्याने विचारलं की तू लिहिलंयस ते हार्डवेअरशी जुळतं का. लोक म्हणतात कर्नलवाले फार छळतात, स्पेस आणि टॅबवरून परत पाठवतात. पाठवतात, मलाही पाठवलं, नोडांचा क्रम लावून दे म्हणून एक अख्खी आवृत्ती गेली. तरी मी त्यांच्या बाजूने बोलेन, कारण आत घेतल्यावर ती फाइल त्यांना पुढची कित्येक वर्षं सांभाळायची असते.

चौथ्या आवृत्तीला मेंटेनरने, म्हणजे कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याने, घेतलं. पण तोपर्यंत त्या वेळच्या मर्ज विंडोची, म्हणजे नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घ्यायच्या मुदतीची, गाडी सुटली होती, ती विंडो दोनच आठवडे उघडी असते आणि एसओसीवाल्यांचं सगळं त्याच्या बरंच आधी गोळा झालेलं असतं, त्यामुळे पुढच्या फेरीपर्यंत थांबले. तुम्ही मोजता त्या महिन्यांतले निम्मे तरी नुसते वाट बघण्याचे आहेत.

आता अभ्यासिकेत साधा डिस्ट्रोचा, म्हणजे तयार लिनक्ससोबत येणारा, कर्नल आहे, अपडेट काका स्वतः करतात. आणि गेल्या महिन्यात मला एक मेल आला, कुठल्या तरी अनोळखी माणसाने आमच्या बोर्डाच्या फाइलमध्ये पॉवर एलईडीची नोंद घातली होती, त्या फाइलच्या इतिहासात माझं नाव आहे म्हणून मला सीसी केलं होतं. जीपीआयओचा, म्हणजे दिवा जोडलेल्या पिनचा, नंबर बरोबर दिसत होता. पण रविवारी अभ्यासिकेत जाऊन एक बोर्ड उघडला, पॅच लावला, हिरवा दिवा लागला तो काकांना दाखवला आणि तिथूनच टेस्टेड-बाय, म्हणजे मी स्वतः करून बघितलंय अशी सही, पाठवलं.