होडीतली उशी

वसईच्या पाचूबंदरात कालपासून वारा सुटलाय. यांची बोट परवा परतायची होती. खोल समुद्रात फोनला रेंज नसते हे माहीत असूनही दुपारपर्यंत मी तीसेक वेळा तरी फोन लावला असेल. हातात रोजरी, म्हणजे मारियेच्या प्रार्थनेची जपमाळ होती, पण जीभ एक बोलत होती आणि मन किनाऱ्यावर धावत होतं.

सासूबाई बोंबील टांगत होत्या. म्हणाल्या, "फोन ठेव गो. देवाच्या हातात दिलंयस ना? मग परत परत काढून काय बघतेस?"

रागच आला आधी. मग गेले, टोपली घेतली.

बायबलात मार्कच्या शुभवर्तमानात 4 थ्या अध्यायात वादळ आहे. प्रभू येशू वादळ शांत करतो तेवढंच मला आजवर आठवायचं. आज त्याची उशी आठवली. होडीत पाणी भरतंय, शिष्य घाबरलेत, आणि तो मागे उशीवर झोपलाय. शिष्यांत पेत्र होता, आंद्रिया होता. जन्माचे मासेमार, आमच्यासारखेच. तेही घाबरले होते, याचाच मला केवढा आधार वाटला!

संध्याकाळी रोजरी सलग झाली. बोट अजून आलेली नाही. फोन फळीवर आहे.

आमच्या सगळ्या बोटींसाठी आज एक नमो मारिया, मारियेची ती छोटी प्रार्थना, म्हणा.